तबलेवाली, मुस्तफा आणि कणकेचा गोळा

पेन्शनीत निघालेल्या माणसाला इतिहास येतो, असा आमच्या मावळात एक समज आहे. पस्तीस वर्षं पुण्याला लोकलनं ये-जा करून मी कारकुनी केली. तेव्हा मला कुणी साधी आजची तारीखसुद्धा विचारली नाही. पेन्शनीत निघालो आणि लोक एकदम शिवकाल विचारायला लागले. लोहगडावर तोफा किती होत्या इथपासून ते अमक्याच्या आजोबांनी तमक्याचा बांध कोरला होता का, इथपर्यंत.

त्यामुळं गेल्या आषाढात गावच्या वाचनालयाचे चिटणीस छत्री झटकत दारात उभे राहिले, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"आबा, वर्धापनदिनाला तुमचं व्याख्यान ठेवलंय. विषय आहे, 'मावळचं संगीत आणि यंत्रयुग'."

"अहो, पण मला संगीतातलं काय कळतं?"

"म्हणूनच तुम्हाला धरलंय. ज्यांना कळतं ते फार वेळ बोलतात."

आता यावर काय बोलणार? मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर विषय माझ्या मनातलाच होता. समोर खाटेवर आमचा नातू कानाला बोंडं लावून मोबाइलवर दोन्ही अंगठे नाचवत पडला होता. त्याला चार हाका मारल्या तरी पाचवी आजीला ऐकू जायची, त्याला नाही. आणि त्याच्याच डोक्यावर, भिंतीतल्या खुंटीला, खोळ घातलेला अण्णांचा पखवाज टांगलेला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. गावच्या विठ्ठलमंदिरात दर एकादशीला भजन होतं, आणि अण्णांनी तिथं जन्मभर पखवाज वाजवला. त्यांच्यामागं त्यांचे शिष्य गुरवमामा वाजवत. दोन वर्षांपूर्वी मामांची बोटं संधिवातानं आखडली, आणि तेव्हापासून आमचं भजन नुसत्या टाळ-पेटीवर चाललं होतं. पखवाजाशिवाय भजन म्हणजे मागून इंजिन न लावलेली गाडी. सपाटीला पळते, पण घाटात चढत नाही.

तेव्हा व्याख्यानाचा निकाल मी आधीच लावून टाकला. यंत्रांनी संस्कृती बुडवली! या वाक्याला टाळी हमखास असते. आता फक्त पुरावा गोळा करायचा राहिला होता. खऱ्या इतिहासकारांची पद्धतही फारशी वेगळी नसावी.

पुरावा अगदी मुळापासून काढावा म्हणून एका रविवारी नातवाला ओढत भाज्याच्या लेण्यांवर नेलं. मळवली स्टेशनात उतरायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा आणि भाजे गावातून पायऱ्या चढायच्या. पावसाळ्यातला रविवार, त्यामुळं निम्मी मुंबई आणि निम्मं पुणं आमच्या मागंपुढं चढत होतं. प्रत्येक टोळक्याच्या काखेत एक लहानसं पिंप होतं, आणि त्यातून प्रचंड गाणं बाहेर पडत होतं. धबधबा कुणालाच ऐकू येत नव्हता. मला बरं वाटलं. पुरावा वाटेतच मिळत होता.

भाज्याची लेणी बावीस, आणि वयानं इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. शेवटाकडच्या एका विहाराच्या ओसरीत मोठी कोरीव शिल्पं आहेत. एका बाजूला रथातला स्वार, त्याला लोक सूर्य म्हणतात. दुसऱ्या बाजूला हत्तीवरचा, त्याला इंद्र म्हणतात. याच गर्दीत एक बाई दोन वाद्यं पुढ्यात घेऊन वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. 'भाज्याचा तबला' म्हणून जो सांगतात तो हाच. अभ्यासक सांगतात की आजचा, शाई लावलेला तबला अठराव्या शतकात दिल्लीकडं आकाराला आला. भाज्याचं वाद्य हे त्याच्या फार जुन्या घराण्यातलं, पुष्कर जातीचं. असेना का. बाईची बैठक मात्र अस्सल तबलजीची आहे. आजही एखाद्या मैफलीत नेऊन बसवली तर कुणी हटकणार नाही, फार तर चहा विचारतील.

"बघ," मी नातवाला म्हटलं, "दोन हजार वर्षांपूर्वी तुझ्या मावळात ताल होता."

नातवानं डोळे बारीक करून पाहिलं. "आबा, दोन हजार वर्षं ही एकाच मात्रेवर आहे. हँग झालीय."

मी दुर्लक्ष केलं. समोर इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडं कार्ल्याचा डोंगर दिसतो. भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह तिथं आहे, आणि त्याच्या छताच्या लाकडी कमानी आजही जागच्या जागी आहेत. तिथं एक शिलालेख आहे. वैजयंती गावच्या भूतपाल नावाच्या शेठजींनी हे शैलगृह पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, अशा अर्थाचा. म्हणजे मावळातली पहिली जाहिरातही दोन हजार वर्षांची झाली. आतल्या खांबांवरही ज्यांनी ते दिले त्यांची नावं आहेत, त्यांत धेनुकाकट गावचे यवनसुद्धा आहेत. आमच्या विठ्ठलमंदिरात एकूण सात पंखे, आणि सातांच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव आहे. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही म्हणून एक देणगीदार पंखा बंद ठेवायला सांगत असत. परंपरा ती हीच.

चैत्यगृहाच्या शेजारीच एकवीरा आई. चैत्रात मुंबईकडचे कोळी बांधव पालख्या घेऊन, बँड लावून डोंगर चढतात, तेव्हा बिचाऱ्या लेण्यातल्या शांततेचं काय होत असेल ते भूतपाल शेठजींनाच ठाऊक. पण एक गोष्ट मी टिपणवहीत लिहून घेतली. वाजवणारे दहा असतात, आणि नाचणारे दोनशे. भाज्यालाही वाजवणारी एकटी नाही, नाचणारी शेजारी आहे. तिथंच मला व्याख्यानाची फूटपट्टी सापडली. कुठलंही वाद्य आलं, यंत्र आलं, की एकच विचारायचं. याच्याभोवती माणसं किती?

फूटपट्टी घेऊन मी शतकं मोजत निघालो.

पहिला मुक्काम अर्थातच तुकोबा. आमची इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि मावळ भिजवत देहूकडं जाते. तुकोबा भंडारा डोंगरावर जाऊन बसत, तोही मावळातलाच. त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि त्या तरल्या, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. नातवाला सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे बॅकअप होता." मी रागवणार होतो, पण विचार केला तर पोरगं अगदीच चुकलं नव्हतं. आमच्या सुदुंबऱ्याला संताजी जगनाड्यांची समाधी आहे. तुकोबा म्हणायचे आणि संताजी लिहून घ्यायचे. आणि लिहिलेलं बाजूला ठेवलं तरी, शेकडो टाळकऱ्यांना ते पाठ होतं. एक वही बुडवता येते. शंभर तोंडं कुठल्या डोहात बुडवणार? फूटपट्टीवर मी तुकोबांपुढं 'अगणित' असं लिहिलं.

मग आलं यंत्रयुग, आणि तेही घाट चढून. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, आणि हजारो मजुरांचे बळी. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात आले आणि काही दिवसांतच वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिसबाईंनी ठेका अंगावर घेतला आणि काम पुरं करून घेतलं. भाज्याची तबलेवाली आणि घाटातली ठेकेवाली! मावळात ताल धरायचं काम बायकांनीच केलेलं दिसतं. आमच्या घरात तर अजून तेच चाललंय.

आगगाडीबरोबर घाट चढून आली पेटी. हार्मोनियम मूळची फ्रान्सची. तिकडं ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारून वाजवत. इथं आल्यावर तिचे पाय गेले आणि ती आमच्यासारखी मांडी घालून बसली. एवढं करूनही तिला सासुरवास चुकला नाही. ती परकी, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिला बंदी केली. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं आकाशवाणीवर पेटी निषिद्ध होती आणि आमच्या विठ्ठलापुढं ती रोज भाता हलवत होती. विठ्ठलानं कधी मींड मागितली नाही. आज पेटीशिवाय भजन कल्पनेतसुद्धा येत नाही, आणि तिला परकी म्हणणाऱ्याला आमचे टाळकरी मंदिराबाहेर काढतील.

इथं माझ्या व्याख्यानाला पहिली चीर गेली. यंत्रानं संस्कृती बुडवली म्हणावं, तर पेटी संस्कृतीच होऊन बसलेली. मी ते पान घाईघाईनं उलटलं.

पुढचं पान विजेचं. लोणावळ्यात पाऊस पडतो म्हणजे काय होतं ते ज्यानं वाळत घातलेला शर्ट आठ दिवसांनी ओलाच काढलाय त्यालाच कळेल. टाटांनी हा पाऊस ओळखला. १९११ साली पायाभरणी झाली, वळवण, लोणावळा, शिरोटा इथं पाणी अडवलं, आणि बंगालच्या उपसागराकडं निघालेल्या त्या पाण्याला पश्चिमेचा रस्ता दाखवला. ते सुमारे १७०० फूट खाली खोपोलीच्या वीजघरावर सोडलं. १९१५ साली वीज सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्या मावळच्या पावसावर फिरायला लागल्या. आमच्या गावात मात्र मी शाळेत जाईपर्यंत कंदीलच होता. पाऊस आमचा, उजेड मुंबईचा. घरच्या म्हशीचं दूध रतिबाला जातं आणि पोरं कोरा चहा पितात, त्यातलाच हा प्रकार.

आमचे आजोबा खरोखरच लोणावळ्याच्या बंगल्यांवर दुधाचा रतीब घालत. मुंबईचे शेटिये उन्हाळ्यात तिथं राहायला येत. अशाच एका बंगल्यात आजोबांनी पहिल्यांदा फोनोग्राम ऐकला, म्हणजे ग्रामोफोन. कुंपणाबाहेर, हातात चरवी घेऊन, चार गडी आणि एक माळी यांच्यासोबत. हिंदुस्थानात रेकॉर्डी भरायला सुरुवात झाली ती १९०२ साली, कलकत्त्याला. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत घडी करून बसवायचा आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगायचं. आजोबांना हे गणित कोण सांगणार? ते घरी येऊन म्हणाले, "गाणं ग्वाड हाय, पन गानारीला कसली तरी गाडी धरायची असावी." घाई दिसली की ती गाडीचीच, हे लोणावळेकरांचं ज्ञान. तरी फूटपट्टीवर कुंपणाबाहेर सहा माणसं भरली.

मग रेडिओ. हा मात्र मी डोळ्यांनी पाहिला, म्हणजे कानांनी. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि १९५५ च्या रामनवमीपासून तिथं गीतरामायण लागायला लागलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, आणि वर्षभरात छप्पन्न गाणी. गावात एकच रेडिओ होता, सावकाराच्या माडीवर, विटेएवढ्या बॅटरीवर चालणारा. त्याला सरकारी लायसन लागायचं आणि पोस्टात दरवर्षी पैसे भरावे लागायचे. जनावराला दाखला आणि रेडिओला लायसन! गीतरामायणाच्या वेळी सावकार खिडकीत रेडिओ आणून ठेवी आणि खाली सगळी आळी बसे. रेडिओला हार घातलेला मी स्वतः पाहिलाय. सहा वर्षांचा होतो मी. राम वनवासाला निघाला तेव्हा शेजारची म्हातारी रडत रडत रेडिओलाच विचारत होती, "आता घरी कोण बघणार रं?" फूटपट्टीवर दीडशे.

दूरदर्शन आलं तेव्हाही तेच. १९८७ च्या जानेवारीपासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं आणि आमच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं मावायची. चपला मोजून माणसं कळायची. बायको पोहे करून करून दमली आणि रामाचा वनवास लवकर संपावा म्हणून तिनं मनापासून प्रार्थना केली. तो संपला १९८८ च्या जुलैत.

पण फूटपट्टी आता खाली यायला लागली होती. दीडशेची आळी चाळीसच्या खोलीवर आली. आणि दरम्यान जपानात सोनी कंपनीनं १९७९ सालीच वॉकमन काढला होता. कानाला लावायचं आणि एकट्यानं ऐकत हिंडायचं. यातली गंमत ऐका. त्या पहिल्या वॉकमनला कानाच्या वायरीसाठी दोन भोकं होती. माणूस एकटाच गाणं ऐकत बसेल हे ते बनवणाऱ्यांनाच बरं वाटलं नाही, म्हणून शेजारच्यासाठी दुसरं भोक ठेवलं. पुढच्या मॉडेलांत ते दुसरं भोक गेलं. मी व्याख्यानासाठी वाक्य तयार केलं, 'मानवजातीची घसरण त्या बुजलेल्या भोकापासून सुरू झाली.' वाक्य चांगलं होतं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

आता उरला व्हिडिओ गेम. माझा या यंत्राशी पहिला संबंध आला तो पोलीस म्हणून. साल असेल १९९४-९५. आमचे चिरंजीव लोणावळ्याला गणिताच्या क्लासला जात. गणित काही येईना, म्हणून एक दिवस पाळत ठेवली. चिरंजीव क्लासच्या दारावरून सरळ पुढं गेले आणि बाजारात चिक्कीच्या दुकानांमागच्या एका बोळात शिरले. तिथं अंधाऱ्या खोलीत चार कपाटं होती, त्यांच्या तोंडात रुपयाचं नाणं घातलं की ती ओरडायला लागत. एका कपाटाभोवती तर भजनाला नसते एवढी गर्दी. खेळाचं नाव 'मुस्तफा'. खरं नाव वेगळं. कॅपकॉम या जपानी कंपनीनं १९९३ साली काढलेला तो 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' नावाचा खेळ. पण त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, आणि उभ्या हिंदुस्थानातल्या पोरांनी सगळा खेळच त्याच्या नावानं करून टाकला. तिघं खेळत होते आणि पंधरा जण सल्ला देत होते. आमचे चिरंजीव सल्लागारांत होते, कारण त्यांचा रुपया आधीच संपला होता.

मी कान धरायला म्हणून हात पुढं केला आणि तेवढ्यात त्या मुस्तफाच्या पाठीमागून एक धटिंगण आला.

"अरे मागं! मागं बघ!" कोण ओरडलं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. मी ओरडलो होतो.

अर्ध्या तासानं आम्ही बापलेक बाहेर पडलो. दोन रुपये माझे गेले होते. घरी काय सांगायचं हे घाट उतरताना नव्हे, लोकलमध्येच ठरलं. गणिताचा क्लास चांगला चाललाय, असं.

हेही पान मी व्याख्यानातून काढून टाकलं. पण फूटपट्टी प्रामाणिक असते. तिच्यावर अठरा भरले.

आणि शेवटी आमचा नातू. खाटेवर, एकटा, कानात बोंडं. एक! दोन हजार वर्षांची सरळ उतरण. तुकोबांच्या अगणितापासून या एकापर्यंत. माझा पुरावा पुरा झाला. मी त्याच्या कानातलं एक बोंड उपटलं आणि विजयी मुद्रेनं म्हटलं, "बघ, तुझ्याभोवती माणसं किती? एकसुद्धा नाही."

"नाही कशी? आम्ही शंभर जण आहोत."

"कुठं?"

त्यानं मोबाइल दाखवला. एका उजाड बेटावर शंभर जण विमानातून उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. २०२० साली सरकारनं या खेळावर बंदी घातली होती, २०२१ साली तो भारतीय नाव घेऊन परत आला, मध्ये पुन्हा गेला आणि पुन्हा आला. लोणावळ्याच्या धुक्यासारखं त्याचं येणं-जाणं. नातवाच्या तुकडीत चौघं होते. एक कामशेतचा, एक वडगावचा, आणि एक आपल्या आळीतलाच, तो चौथ्या घरात असाच पडलेला होता. ज्याला मी मुका समजत होतो तो नातू त्या तिघांशी तासभर बोलत होता. माझ्या हाका तेवढ्या त्याला ऐकू येत नव्हत्या.

फूटपट्टी मोडली. शंभर लिहू की एक लिहू? मी पेन्सिल कानावर ठेवून बसलो. माझी अवस्था बघून नातवाला दया आली असावी. त्यानं दुसरंही बोंड काढलं आणि खुंटीकडं बघत विचारलं, "आबा, तुम्ही एवढं पखवाज पखवाज करता. मग तुम्ही का नाही शिकलात?"

वाचक हो, इतिहासात मागं मागं जात राहिलं की कधीतरी माणूस स्वतःच्या दारात येऊन पोचतो. मी पोचलो.

पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी ताज्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय त्याला तो खर्जाचा, पोटातून येणारा घुमार येत नाही. कणीक ओली आहे तोवर आवाज खोल, ती सुकत गेली की आवाज चढतो. अण्णा बुधवारी रात्री शिकवायला बसत. आठ वाजता. आई गोळा आणून द्यायची, अण्णा तो थापायचे. गुरवमामा तेव्हा विशीतला पोरगा, तो येऊन बसायचा. आणि मी?

बुधवारी आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला असायची. १९५२ पासून अमीन सयानींचा तो आवाज रेडिओतून हाक मारायचा आणि मी सावकाराच्या खिडकीखाली असायचो. कुठलं गाणं कितव्या पायरीवर चढलं हे मला पाठ होतं. चौतालाच्या बारा मात्रा मला आजही सलग म्हणता येत नाहीत.

अण्णांनी कधी बोलावलं नाही, कधी रागावले नाहीत. एकदाच आई म्हणाली होती, "ते तुझ्यासाठी कणीक ओली करत बसतात रे. दोनदा पाणी लावतात." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या आठवड्यात पहिल्या पायरीवर कुठलं गाणं येणार, ही मला काळजी होती.

रेडिओनं मला पळवलं, असं मी म्हणू शकतो. पण तोच रेडिओ गुरवमामाच्याही कानावर पडत होता, आणि तो मात्र कणकेपाशी बसून राहिला. मावळात यंत्रं येतच राहिली. पेटीला आम्ही मांडी घालायला शिकवली, ग्रामोफोन कुंपणाबाहेरून ऐकला, रेडिओला हार घातला, मुस्तफाला गावचा करून घेतला. त्यांतल्या कुणीही आमचा पखवाज बंद पाडला नव्हता. तो बंद पडला कारण एका घरात बापानं हात पुढं केला आणि मुलानं तो धरला नाही. दोन हजार वर्षांच्या साखळीतली नेमकी कुठली कडी तुटली ते मी शोधत होतो. ती माझ्याच खुर्चीत बसून व्याख्यान लिहीत होती.

वर्धापनदिनाला श्रावणातली झड लागली होती. सभेला तीस माणसं आली, त्यांतली बारा पावसासाठी थांबलेली. मी उभा राहिलो, 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हटलं आणि दिवे गेले. ज्या मावळच्या पावसावर मुंबई उजळली त्या मावळात पाऊस आला की दिवे जातात, ही इतिहासाची थट्टा मी व्याख्यानात सांगणार होतो. ती पावसानंच करून दाखवली. माइक बंद, कागद दिसेना. नातवानं मोबाइलचा उजेड धरला. त्या उजेडात मला पुढच्या बाकावर घोंगडी पांघरून बसलेले गुरवमामा दिसले.

मी कागद खिशात घातले. म्हटलं, "मामा, माझं बोलणं राहू द्या. तुम्ही चौताल म्हणा."

मामांनी क्षणभर डोळे मिटले. बोटं आखडलेली, पण जीभ कुठं आखडलीय! "धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन." दुसऱ्या आवर्तनाला पाऊसही लयीत पडतोय असं वाटायला लागलं. तिसऱ्या आवर्तनाला शेजारी टेबलावर काहीतरी वाजायला लागलं. नातवानं मोबाइल टेबलावर उपडा ठेवला होता आणि तो दोन्ही हातांनी फळीवर ठेका धरत होता. चुकत होता, पुन्हा सम पकडत होता.

मामा थांबले. "कुनाचं पोर हे?"

"माझा नातू."

"आन्नांचा पणतू म्हन की! पोरा, बोटं मोकळी हायेत तुझी. कशानं झाली रं?"

नातवानं माझ्याकडं पाहिलं. खरं सांगावं की नाही, असा प्रश्न त्याच्या तोंडावर होता. मी म्हटलं, "अभ्यासानं."

दुसऱ्या दिवशी खुंटीवरून पखवाज उतरला. वाद्या सैल झाल्या होत्या, मामांनी पुण्याहून कारागिराकडून ओढून आणवल्या. बुधवारी संध्याकाळी नातू त्यांच्याकडं जातो. मामा तोंडानं वाजवतात, हा हातानं. पहिल्या दिवशी यानं विचारलं, "मामा, याला चार्जिंग कुठं?" मामांनी कणकेचा गोळा दाखवला. आमच्या आळीतला त्याच्या तुकडीतला गडीही टाळ घेऊन येऊन बसतो. कामशेतचा आणि वडगावचा मोबाइलवरून ऐकतात आणि चुकलं की हसतात. यांना फूटपट्टीवर धरायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

कार्तिकी एकादशीला नातू मंदिरात पहिल्यांदा पखवाजाला बसला. वाजवलं कसं? खरं सांगायचं तर तीनदा सम चुकला, आणि एकदा सगळं भजन त्याच्यासाठी थांबलं. टाळकरी म्हणाले, "चालंल." गाडी सावकाश का होईना, घाट चढायला लागली. मी मागच्या खांबाशी उभा होतो. नवव्या वर्षी बसायला हवं होतं तिथं पंचाहत्तरीनंतर मी निदान उभा तरी राहिलो.

आता दर एकादशीला दुपारी आमच्या स्वयंपाकघरात परात निघते. वारकऱ्याचं घर, त्यामुळं त्या दिवशी घरात सगळ्यांना उपास. साबुदाणा, वरी, रताळं. तरी आमची ही मूठभर कणीक भिजवते, झाकून ठेवते आणि नातवाला दोनदा बजावते की सुकू देऊ नको, पाणी लाव.

उपासाच्या दिवशी आमच्या घरात एकटा पखवाज तेवढा पोटभर कणीक खातो. आणि अण्णांच्या फोटोकडं बघताना मला उगीचच वाटतं, की ते आता वाट बघत नाहीत.